शारदासदन आणि सागरापलीकडील भगिनीमंडळे

सन १८९० च्या नोव्हेंबर महिन्यात पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेले शारदासदन मुंबईहून पुण्यास हलले. मुंबई-पुण्याचा लोहमार्ग तेव्हाही कल्याण, नेरळ आणि कर्जत यांवरूनच जात असे. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या चढणीस लागण्यापूर्वी गाडी माथेरानच्या पूर्वेकडील पायथ्याशी बराच वेळ लगटून धावते, आणि उजव्या हाताच्या खिडकीशी बसलेल्या उतारूस त्या डोंगराचा सपाट माथा व त्याखालचे काळे कडे दूरवर सोबत करीत राहतात. आज पॅनोरमा पॉइंटवर उभे राहून नेरळच्या दिशेने खाली पाहिले असता तोच मार्ग सुतासारखा दिसतो. सासर आणि माहेर यांपलीकडे तिसरे घर स्त्रीला असू शकते ही गोष्ट ज्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्या काळी असे तिसरे घर आपल्या बिऱ्हाडासह या डोंगराखालून पुण्यास गेले, ही घटना या प्रांताच्या इतिहासात आजवर मिळाला त्याहून अधिक मान मिळण्याच्या योग्यतेची आहे.

त्या वेळचे माथेरान हे घरांचेच गाव होते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० च्या मे महिन्यात खालापूरकडील चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून आले, आणि पुढील चाळीस वर्षांत सरकारी अंमलदार, मुंबईचे युरोपियन व्यापारी आणि धनाढ्य पारशी कुटुंबे यांनी झाडीत बंगले उठवून त्याचे हवा खाण्याचे ठिकाण बनविले. झुकझुक गाडी यायची होती १९०७ साली. तोवर साहेब व मडमा नेरळहून टट्टूंवर किंवा डोलीत बसून वर येत, आणि त्यांचे सामानसुमान खालच्या वाड्यांतील माणसांच्या डोक्याखांद्यांवरून येई. उन्हाळ्याचे दोन महिने भरलेले आणि पावसाळ्यात कुलुपात पडलेले इतके बंगले ज्या डोंगरावर होते, तेथे वा त्याच्या पायथ्याच्या गावांत निराधार स्त्रीस हक्काने राहता येईल, शिकता येईल आणि आपल्या पोळीचा वाटा मान खाली न घालता घेता येईल, असे छप्पर नव्हते. शारदासदन हे तसे छप्पर होते. आणि त्याचे भाडे, त्यातील धान्य व पाट्यापुस्तके यांचा खर्च सागरापलीकडून, अमेरिकेतील शेकडो स्त्रियांनी वर्षाकाठी दिलेल्या लहान लहान रकमांतून येत होता. या स्त्रियांपैकी कित्येकींना स्वतःच्या देशात, स्वतःच्या विद्यापीठात, राहण्यास धड खोली मिळविण्यासाठी एक पिढीभर झगडावे लागले होते, ही हकिगत मराठी वाचकास बहुधा कोणी सांगितलेली नाही. म्हणून ती प्रथम सांगतो.

अमेरिकेतील महाविद्यालयांची दारे स्त्रियांस हळूहळू उघडली. ओहायोतील ओबर्लिन कॉलेजने १८३७ साली चार मुली दाखल करून घेतल्या. यादवी युद्धानंतर पश्चिमेकडील नव्या सरकारी विद्यापीठांनी त्याचे अनुकरण केले. व्हासार, स्मिथ, वेल्सली ही केवळ स्त्रियांसाठी असलेली विद्यालये १८६५ ते १८७५ या दशकात सुरू झाली. मात्र जेथे मुलगे व मुली एकत्र शिकत, तेथे मुलींस वर्गात बसण्याची परवानगी मिळाली तरी गावात राहण्याची तजवीज कोणी केलेली नसे. मुलग्यांपाशी त्यांची ग्रीक अक्षरांच्या नावांची गुप्त मंडळे होती. त्या परंपरेचा आरंभ १७७६ सालच्या फाय बीटा कप्पा या मंडळापर्यंत नेता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांस वाङ्मयीन चर्चेपेक्षा बंधुभावाचे, आणि पुढे वसतिगृहाचे, स्वरूप आले. मुलींस या मंडळांत प्रवेश नव्हता.

जॉर्जियातील मेकन येथील स्त्रियांच्या वेस्लियन कॉलेजात १८५१ व १८५२ साली दोन वाङ्मयीन भगिनीमंडळे निघाली होती, हे खरे. परंतु गावोगाव शाखा काढून, सनदा देऊन, एका घटनेखाली बांधलेली संस्था व्हावी हा हेतू प्रथमपासून मनाशी धरून निघालेले मंडळ इलिनॉय संस्थानातील मॉनमथ या लहानशा गावी जन्मास आले. तेथील कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली मेजर होल्ट नावाच्या गृहस्थांच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन राहत. २८ एप्रिल १८६७ रोजी त्या खोलीत बारा मुली जमल्या आणि त्यांनी आय. सी. सोरोसिस या नावाचे गुप्त मंडळ स्थापन केले. त्यांचे चिन्ह सोन्याचा बाण. आणि पुढे त्यांनीही ग्रीक नाव स्वीकारून पाय बीटा फाय हे अभिधान घेतले. ही संस्था निघाली ती परक्या घरातील भाड्याच्या खोलीत, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या संस्थेच्या पुढच्या पिढ्यांसही ती वाटली असावी, कारण ते होल्टांचे घर सत्तर वर्षांनंतर त्यांनी विकत घेऊन जतन केले.

तीन वर्षांनी, २७ जानेवारी १८७० रोजी, इंडियानातील ॲस्बरी विद्यापीठात कप्पा आल्फा थीटा या मंडळाचा जन्म झाला. ग्रीक अक्षरांचे नाव आरंभापासून धारण करणारे स्त्रियांचे हे पहिले मंडळ. त्याची जन्मकथा त्या काळच्या विद्यार्थिनीच्या स्थितीवर चांगला प्रकाश टाकते. बेटी लॉक ही तेथील गणिताच्या प्राध्यापकांची कन्या; मुलग्यांच्या एका मंडळाने तिला आपले पदक अंगावर लावण्याचा मान देऊ केला, परंतु सभासदत्व मात्र देऊ केले नाही. ज्या पदकाबरोबर अधिकार येत नाही ते पदक तिने नाकारले आणि तीन मैत्रिणींसह स्वतःचे मंडळ काढले. त्याच वर्षी मॉनमथ येथेच कप्पा कप्पा गामा निघाले, आणि १८७२ साली न्यू यॉर्क संस्थानातील सिरॅक्यूज विद्यापीठात दहा मुलींनी आल्फा फायची स्थापना केली. कॉलेजच्या चालकांस या गुप्त मंडळांचा संशय येई. मॉनमथ येथे १८७० च्या दशकात त्यांवर बंदीचा हुकूम निघाला आणि आय. सी. च्या मुलींस काही वर्षे आपले कामकाज चोरून करावे लागले.

या चार-पाच मंडळांस पुढे दोन दशकांत अनेक विद्यापीठांत शाखा फुटल्या. प्रत्येक शाखेस मध्यवर्ती संस्थेकडून सनद मिळे; नव्या सभासदाची निवड जुन्या सभासदांच्या मताने होई, आणि पुष्कळ ठिकाणी एका विरोधी मतानेही निवड अडे; शपथ, पदक, गुप्त संस्कार आणि आजन्म भगिनीत्व हे त्यांचे अंगभूत नियम. वर्गणी, जमाखर्च, पत्रव्यवहार, अधिवेशने, मासिके यांचा कारभार मुली स्वतः चालवीत. विशीच्या आतील मुलीने सभेचे अध्यक्षस्थान भूषवावे, खजिन्याचा हिशेब द्यावा, शेकडो मैलांवरील शाखेशी दप्तरी पत्रव्यवहार ठेवावा, हे शिक्षण कोणत्याही पाठ्यक्रमात नव्हते. आणि १८८६ साली सिरॅक्यूज येथील आल्फा फायच्या स्त्रियांनी राहण्यासाठी आपले स्वतःचे घर बांधले. अमेरिकेत स्त्रियांच्या अशा मंडळाने बांधलेले ते पहिले घर मानण्यात येते.

त्याच १८८६ च्या मार्च महिन्यात पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियास येऊन पोहोचल्या. त्या आल्या होत्या आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठी. ज्यांचे बालपण कल्याणात गेले, त्या आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. त्या शिक्षणाच्या काळात त्यांच्या शरीराची जी हानी झाली तिच्या कारणांत बिऱ्हाडाचा प्रश्नही होता, हे विसरता कामा नये. फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात त्यांस मिळालेली खोली थंड, तिच्यातील शेगडी धुराने कोंदणारी. शेवटी महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांस आपल्या घरी नेऊन ठेवले. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय बावीसही नव्हते. त्यांच्या रक्षेचा अंश, ज्यांस त्या मावशी म्हणत, त्या अमेरिकन सौ. कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आला आणि व्हासार कॉलेज ज्या पोकीप्सी गावी आहे, त्याच गावच्या दफनभूमीत तो ठेवण्यात आला.

रमाबाईंची स्थिती निराळी होती. गंगामूळच्या अरण्यात जन्म, अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासारख्या पित्याकडून व लक्ष्मीबाई मातेकडून संस्कृताचे शिक्षण, दुष्काळात आईवडिलांचा अंत, कलकत्त्यास ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांचा सन्मान, अल्पकाळचा संसार आणि १८८२ साली वैधव्य, त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना, १८८३ साली इंग्लंडला प्रयाण व तेथे वाँटेज येथे ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, इतका इतिहास अठ्ठावीस वर्षांच्या आत मागे टाकून त्या अमेरिकेत उतरल्या होत्या. आल्या काही आठवड्यांसाठी आणि राहिल्या जवळजवळ पावणेतीन वर्षे. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी फिलाडेल्फियात घेतले, मराठी क्रमिक पुस्तके लिहिली, आणि १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची प्रस्तावना डॉ. बॉडलींची, मुखपृष्ठामागील चित्र आनंदीबाईंचे. त्या ग्रंथाच्या विक्रीतून आणि पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत दिलेल्या व्याख्यानांतून त्यांनी एकच मागणी पुढे मांडली: उच्चवर्णीय विधवांसाठी हिंदुस्थानात एक घर हवे, जेथे त्यांच्या जातीचे आचार मोडले जाणार नाहीत आणि त्यांस स्वतःच्या पायावर उभे करणारे शिक्षण मिळेल.

येथे अमेरिकन स्त्रियांनी जी योजना उभी केली तिचा आकार पाहण्याजोगा आहे. १३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशनची रीतसर स्थापना झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, उपाध्यक्षांत निरनिराळ्या पंथांचे धर्मोपदेशक आणि महिला मद्यनिषेध संघाच्या अध्यक्षा फ्रान्सेस विलार्ड. मुदत दहा वर्षांची ठरली. मध्यवर्ती संस्थेखाली गावोगाव ‘रमाबाई मंडळे’ निघाली आणि प्रत्येक सभासदाने दहा वर्षे दरसाल निदान एक डॉलर द्यावा असे ठरले. आरंभीच्या मंडळांतच एक कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थिनींचे होते. मध्यवर्ती समिती, शाखा, वर्गणी, वार्षिक अहवाल, सभासदांची नोंद, असा हा सर्व साचा कॉलेजातील भगिनीमंडळांच्या साच्याशी इतका जुळतो, की अमेरिकेच्या शिक्षित स्त्रियांनी वीस वर्षांत जी कारभाराची विद्या हस्तगत केली होती तीच येथे परक्या देशातील स्त्रियांसाठी कामास लागली, असे अनुमान करण्यास पुष्कळ जागा आहे. फ्रान्सेस विलार्ड या तर स्वतः आल्फा फायच्या सभासद होत्या आणि त्या मंडळाचे राष्ट्रीय अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. चर्चची मिशने व समाजसुधारणेच्या इतर स्त्री-संस्थाही याच वळणाने चालत, हे मान्य करूनही मला कॉर्नेलच्या त्या मुलींचे विशेष वाटते. स्वतः नुकत्याच विद्यापीठात पाय ठेवू लागलेल्या या मुलींनी, ज्यांचे तोंडही त्या कधी पाहणार नव्हत्या त्या कोकण-देशावरच्या मुलींच्या भाड्याची जबाबदारी उचलली.

रमाबाईंनी हे सर्व नुसते स्वीकारले नाही, त्याचा अभ्यासही केला. परत आल्यावर १८८९ साली निर्णयसागर छापखान्यातून निघालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात स्त्रियांच्या स्थितीवर विस्ताराने लिहिताना त्यांनी स्त्रियांच्या सभा, विद्यालये व संघ यांची माहिती मराठी वाचकांपुढे मोठ्या आस्थेने ठेवली, आणि त्याच लेखणीने त्या देशातील वर्णद्वेषाचेही वाभाडे काढले. दात्याचे दोष दिसणारी दृष्टी दान घेतल्यावरही शाबूत राहणे, ही रमाबाईंच्या स्वभावातील गोष्ट मला सर्वांत आदरणीय वाटते.

फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईस उतरल्या आणि ११ मार्च रोजी चौपाटीजवळ शारदासदन उघडले. उद्घाटनाच्या सभेच्या अध्यक्षस्थानी कादंबरीकार काशीबाई कानिटकर होत्या. स्त्रीच्या संस्थेच्या आरंभी स्त्रीने अध्यक्ष व्हावे हेही त्या दिवसांत नवलच. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींत देवरुखच्या गोदूबाई होत्या. आठव्या वर्षी, लग्नानंतर अवघ्या काही महिन्यांत, त्यांस वैधव्य आले. पुढची पंधरा वर्षे सासरच्या राबण्यात गेली. केशवपन झालेले होते आणि अक्षरओळख जवळजवळ नव्हती. त्यांचे बंधू नरहरपंत यांनी त्यांस मुंबईस आणून सदनात घातले. ही बाई पुढे ‘बाया’ या नावाने महाराष्ट्रास परिचित झाली, आणि तिने आपल्या म्हातारपणी ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात हे दिवस लिहून ठेवले, म्हणून त्या घराच्या आतले जीवन आपल्यास कळते.

या घराची घटना ठरविताना रमाबाईंनी व त्यांच्या अमेरिकन समितीने एक कठीण तोल साधण्याचा प्रयत्न केला होता. मुलींनी आपापल्या जातीचे सोवळे-ओवळे पाळावे, देवपूजा करावी, स्वयंपाक त्यांच्या रीतीने व्हावा. धर्माचे शिक्षण देऊ नये आणि कोणाच्या धर्मात ढवळाढवळ करू नये. हिंदुस्थानात सल्ला देण्यासाठी जे मंडळ नेमले त्यात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. मुंबईचा खर्च जड जाऊ लागला तेव्हा सदन पुण्यास आले, आणि १८९२ साली अमेरिकेतून आलेल्या पैशांतून त्यास तेथे स्वतःची इमारत मिळाली. सिरॅक्यूजच्या मुलींनी आपले घर बांधले त्याला सहा वर्षे झाली होती.

पुण्यात वाद पेटला तो एका दारावरून. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. पहाटे आपल्या खोलीत त्या प्रार्थना करीत, आणि त्या खोलीचे दार उघडे असे. ज्या मुलीस वाटेल तिने यावे, न वाटेल तिने येऊ नये. कोणास बोलावणे नाही, कोणास मनाई नाही. ज्यांनी आपल्या मुली विश्वासाने पाठविल्या त्यांचे म्हणणे असे, की आईच्या जागी असलेल्या बाईच्या उघड्या दारापाशी लहान मुलीची ‘इच्छा’ ही कितपत तिची स्वतःची? रमाबाईंचे म्हणणे असे, की माझ्याच घरात मी माझ्या देवाची प्रार्थना दार लावून, चोरून का करावी? दोन्ही प्रश्न खरे होते. अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकात सदनातील मुलींच्या ओढ्याविषयी मजकूर छापून आला, तो पुण्यास पोहोचला, टिळकांच्या ‘केसरी’ने सदनावर कठोर टीकेची झोड उठविली, काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे असल्याचे उघड झाले, आणि ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी सदनाशी असलेला संबंध सोडला. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या.

टिळकांच्या टीकेत आवेश होता, आणि परदेशी पैशावर चाललेल्या संस्थेचा हेतू तपासून पाहण्याचा समाजाचा हक्कही होता. रानड्यांनी अंग काढून घेतले तेही ज्या पालकांस त्यांनी शब्द दिला होता त्यांच्याशी इमान राखण्यासाठी. असे असूनही, या सबंध वादात ज्या विधवांविषयी बोलणे चालले होते त्यांस स्वतःस काय वाटते हे विचारावे असे दोन्ही बाजूंच्या फार थोड्या पुरुषांस सुचले, याचे दुःख इतक्या वर्षांनंतरही कमी होत नाही. बोस्टनच्या समितीने आपल्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षा ज्यूडिथ अँड्रूज यांस पुण्यास पाठवून चौकशी केली, आणि रमाबाईंवरील विश्वास कायम ठेवला. दरसालचे डॉलर येत राहिले.

या उघड्या दाराच्या तुलनेत अमेरिकेतील भगिनीमंडळांच्या घरांचे पुढे काय झाले ते पाहिले पाहिजे. १९०२ साली शिकागो येथे प्रमुख मंडळांची एकत्र परिषद भरली आणि त्यांच्या व्यवहारास नियम लागले. घरे मोठी झाली. त्यांत देखरेखीसाठी वडीलधारी बाई राहू लागली. शाखेत निवड होणे ही गावात प्रतिष्ठेची, आणि न होणे ही मुलीच्या आयुष्यात जखमेची बाब ठरली. ज्या मंडळांचा जन्म पुरुषांच्या बंद दारापुढे झाला त्यांनी आपली दारे इतर स्त्रियांस बंद केली. बहुतेक जुन्या मंडळांत कृष्णवर्णीय व ज्यू मुलींस शिरकाव नव्हता, आणि ही आडकाठी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, कोठे कोठे त्यानंतरही, टिकली. तेव्हा वगळलेल्या स्त्रियांनी त्याच साच्यात आपली मंडळे घातली. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली आल्फा कप्पा आल्फा आणि १९१३ साली डेल्टा सिग्मा थीटा ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची मंडळे निघाली, आणि दुसऱ्या मंडळाच्या मुली त्याच वर्षीच्या ३ मार्च रोजी मताधिकाराच्या मिरवणुकीत वॉशिंग्टनच्या रस्त्यावर चालल्या. न्यू यॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात १९०९ साली ज्यू मुलींनी आल्फा एप्सिलॉन फाय काढले. त्याच बर्नार्डने १९१३ साली आपल्या आवारातील अशी सर्व मंडळे बंद करण्याचा मार्ग धरला, आणि कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डने १९४४ साली तसेच केले. हॉवर्डच्या त्या पहिल्या मंडळानंतर नव्वद वर्षांनी दक्षिण आशियाई घराण्यांतील मुलींनीही आपली मंडळे काढण्याची हीच वाट धरली. १९९८ या एका वर्षात न्यू यॉर्क व टेक्सास येथे त्यांची तीन मंडळे स्थापन झाली.

या मंडळांत दुसराही प्रवाह सतत वाहत राहिला, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. मॉनमथच्या भाड्याच्या खोलीत जन्मलेल्या पाय बीटा फायने १९१२ साली टेनेसीच्या स्मोकी पर्वतातील गॅटलिनबर्ग या आडगावी डोंगरी मुलांसाठी शाळा उघडली. शाखाशाखांतून वर्गणी जमवून ती चालविली, आणि पुढे तेथील स्त्रियांच्या विणकामास बाजारही मिळवून दिला. आमच्या माथेरानच्या डोंगराखालच्या ठाकूर व कातकरी वाड्यांची ज्यास माहिती आहे, त्यास दूरच्या शहरातील विद्यार्थिनींनी डोंगरातील शाळेची सनदशीर जबाबदारी दशकानुदशके वाहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दहा वर्षांची मुदत सरत आली तेव्हा रमाबाई १८९८ साली पुन्हा अमेरिकेस गेल्या. मध्यंतरी पुष्कळ बदलले होते. मध्य प्रांतातील १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया उचलून आणल्या. १८९७ च्या प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात त्यांस ठेवणे अशक्य झाले, आणि दौंडनजीक केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. जुनी असोसिएशन मुदतीप्रमाणे संपली, नवी स्थापन झाली. धर्मनिरपेक्षतेचा जुना करार आता उरला नाही, केडगावची संस्था उघड ख्रिस्ती झाली. पुढील दुष्काळानंतर तेथील वस्ती जवळजवळ दोन हजारांवर गेली. शेती, माग, छापखाना, सुईकाम, तेलघाणा यांवर त्या स्त्रियांनी आपले पोट चालविले. दहा वर्षांसाठी वर्षाला डॉलर देणाऱ्या कॉर्नेलच्या मुलीने जे घर मनाशी कल्पिले होते ते हे नव्हे. पण दुष्काळ कोणाच्या कल्पनेस विचारून येत नाही. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच निवर्तल्या.

शारदासदनाचे हिंदू समाजातील फळ निराळ्याच फांदीस धरले. ११ मार्च १८९३ रोजी, सदन उघडल्यास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, गोदूबाईंचा प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्व्यांस मुरुडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापला, १९०० साली तो हिंगण्यास नेला, आणि १९१६ साली तेथूनच महिला विद्यापीठाचा उदय झाला. शारदासदनात जे पेटले ते हिंगण्यात पुन्हा पेटू नये म्हणून कर्व्यांनी आपला आश्रम हिंदू चौकटीतच ठेवला. वर्गणीही येथल्याच लोकांकडून, चार-चार आण्यांपासून, दारोदार फिरून गोळा केली. त्या फिरतीत सर्वांत अधिक पाय झिजविले ते गोदूबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांनी.

पार्वतीबाई ऐन विशीत विधवा झालेल्या, लिहिणे-वाचणे मोठेपणी हिंगण्यात शिकलेल्या, आश्रमाच्या व्यवस्थापिका झालेल्या. आणि १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, इंग्रजी शिकण्यासाठी व जगाच्या स्त्रियांचे कारभार स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. पाठीशी कोणताही संघ नव्हता. इंग्रजी धड येत नव्हते. तेथील कुटुंबांत घरकामास राहून, भांडी घासून, त्याच मजुरीवर त्यांनी आपले शिक्षण व प्रवास चालविला, आणि आश्रमासाठी मदतही मिळविली. दोन वर्षांनी त्या परतल्या, पुन्हा हिंगण्याच्या कामास लागल्या, आणि १९२८ साली त्यांनी ‘माझी कहाणी’ लिहून प्रसिद्ध केली. तिचा इंग्रजी अनुवाद जस्टिन ॲबट या मराठी जाणणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्याने दोनच वर्षांत केला, तेव्हा देवरुखच्या एका विधवेने अमेरिकन घरांविषयी काय पाहिले व काय म्हटले, ते तिकडच्या स्त्रियांस त्यांच्याच भाषेत वाचावयास मिळाले.